मॅडम चांगल्या आहेत, तरी फाइल हलत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रबंध सादर करून आठ महिने झाले. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातल्या मॅडम फोन उचलतात, नीट बोलतात, 'काम चालू आहे' म्हणतात, पण पुढे काही घडत नाही. इकडे तुमचं कॉलेज पदवीची अधिसूचना, म्हणजे पीएच.डी. मिळाल्याचं विद्यापीठाचं अधिकृत पत्रक, मागतंय. तक्रार केली तर एवढ्या चांगल्या वागणाऱ्या बाईंनाच त्रास होईल, आणि नाही केली तर वर्ष हातचं जाईल. काय करावं?

मी विद्यापीठात परीक्षा विभागात लिपिक म्हणून लागलो आणि उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. अशा फोनची उत्तरं स्वतः दिली आहेत आणि पुढे हाताखालच्या लोकांना देताना ऐकलीही आहेत. त्यामुळे आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तुमच्या मॅडमची मदत खरी आहे, पण तुम्ही तिचा उपयोग फक्त धीर घेण्यासाठी करताय. त्यांच्याकडून नेमकी माहिती घ्या आणि त्यांच्या हातात एक कागद द्या. या दोन गोष्टी झाल्या की तक्रारीची वेळ बहुधा येत नाही, आणि आलीच तरी ती त्यांच्यावर शेकत नाही.

टेबलावरच्या माणसाला किती अधिकार असतो हे बाहेरच्यांना कळत नाही. लिपिकाला स्वतःच्या सहीनं बाहेर एक ओळ पाठवता येत नाही. ते टिपणी, म्हणजे वरच्या साहेबांच्या निर्णयासाठी फाइलवरचा प्रस्ताव, लिहितात, खाली 'मान्यतेस्तव सादर' असं म्हणतात आणि फाइल वर जाते: सहायक कक्षाधिकारी, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, आणि परीक्षकांच्या पॅनेलचा विषय असेल तर थेट कुलगुरूंपर्यंत. वाटेत कुणीही समासात 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द लिहू शकतो. मग साहेब मोकळे सापडेपर्यंत फाइल परत त्याच टेबलावर. साहेब मोकळे नसतात, कारण परीक्षा चालू असतात, नाहीतर निकाल लावायचे असतात, नाहीतर अधिसभेची (सिनेटची) बैठक तोंडावर आलेली असते आणि सदस्यांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात अख्खा विभाग गुंतलेला असतो. त्यात पदं रिकामी. एका टेबलावर दोन-तीन विद्याशाखा, शेजारच्या टेबलावर कंत्राटी मुलगा, ज्याला मागच्या फाइली कुठे ठेवल्यात हेही ठाऊक नसतं.

अशा ठिकाणी बसलेली व्यक्ती गोड बोलते तेव्हा ती तुम्हाला फसवत नसते. तिच्या हातात देण्यासारखं तेवढंच असतं, म्हणून ती तेवढं देते.

आता तुमच्या फाइलचा रस्ता बघू. विद्यापीठागणिक थोडाफार फरक पडतो, पण साधारण असं असतं. प्रबंध जमा झाला, शुल्क, नो ड्यूज आणि वाङ्मयचौर्य तपासणीचं प्रमाणपत्र लागलं, की परीक्षकांचं पॅनेल मान्यतेला जातं. मान्यता मिळाली की निवडलेल्या परीक्षकांना संमती विचारली जाते. संमती आली की प्रबंध पाठवतात, मग अहवालांची वाट. दोन्ही अहवाल अनुकूल आले की मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, आणि त्यानंतर अधिसूचना.

आठ-आठ महिने जातात ते बहुतेक वेळा संमती आणि अहवाल या दोन ठिकाणी. परीक्षक निवृत्त झालेले असतात, विद्यापीठाच्या जुन्या यादीतला ईमेल बंद पडलेला असतो, किंवा संमती देऊन ते विसरून गेलेले असतात. त्यांना स्मरणपत्र जायला हवं. पण स्मरणपत्र आपोआप जात नाही. कुणीतरी टिपणी ठेवायची, कुणीतरी सही करायची. शंभरेक प्रबंधांतल्या नेमक्या तुमच्याच प्रबंधासाठी ती टिपणी आज ठेवावी, याला मॅडमकडे काहीतरी निमित्त लागतं. ते निमित्त म्हणजे तुमचा अर्ज.

अर्जाकडे वळण्याआधी फोनवर काय विचारायचं ते सांगतो, कारण अर्जातला मजकूर त्यावर ठरतो. 'झालं का?' हा प्रश्न बंद करा. त्याला 'नाही' किंवा 'चालू आहे' यापलीकडे उत्तर नाही. परीक्षकांची नावं तर चुकूनही विचारू नका. ती गोपनीय असतात, आणि तुम्ही एकदा नाव विचारलंत की मॅडम सावध होतात, पुढचं साधंसुद्धा सांगत नाहीत. गोपनीयता न मोडता देता येतील अशी उत्तरं मागा. पॅनेलला मान्यता मिळाली का, कोणत्या तारखेला? किती परीक्षकांची संमती आली? प्रबंध पाठवून किती दिवस झाले? शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं? फाइल आत्ता तुमच्याकडे आहे की वर? यातलं काहीही सांगायला लिपिकाला हरकत नसते, आणि या उत्तरांवरून अडलंय कुठे हे तुम्हाला लगेच कळतं. उत्तर मिळालं की तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या फोनला 'मागच्या महिन्याच्या बाराला तुम्ही म्हणालात की एक अहवाल आला आहे, दुसऱ्यासाठी स्मरणपत्र ठेवणार होतात' असं म्हणता आलं पाहिजे. यात आरोप नसतो, पण तुम्ही माग ठेवून आहात हे समोरच्याला कळतं.

फोन आठवड्यातून एकापेक्षा जास्त नको. सकाळी कार्यालय उघडताच नको, तेव्हा आवक टपालाची गडबड असते. प्रत्यक्ष जाणार असाल तर जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ धरा. हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षांचे निकाल लागायच्या आसपास आणि मार्चअखेरीला शक्यतो जाऊ नका. लेखा शाखेशी संबंधित काही असेल तर मार्चमध्ये अजिबातच नको.

आता अर्ज. लोक दोन प्रकारचे अर्ज आणतात. एक तीन पानी, ज्यात लहानपणापासूनची तळमळ असते. दुसरा दोन ओळींचा, 'कृपया माझे काम लवकर करावे.' दोन्हींवर टिपणी लिहिता येत नाही. चांगला अर्ज असा असतो की त्यातली वाक्यं उचलून लिपिकानं टिपणीत ठेवावीत. तुमच्यासाठी मी असा लिहीन:

'विषय: पीएच.डी. प्रबंधाच्या मूल्यमापनाबाबत परीक्षकांना स्मरणपत्र पाठविणेबाबत. संदर्भ: प्रबंध सादर केल्याची पावती क्र., दिनांक. महोदय, माझा प्रबंध उपरोक्त दिनांकास सादर झाला असून त्यास आठ महिने पूर्ण झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची प्रक्रिया पूर्ण होणे अपेक्षित आहे. तरी ज्या परीक्षकांची संमती अथवा अहवाल अप्राप्त आहे त्यांना स्मरणपत्र पाठवावे, व ठराविक मुदतीत प्रतिसाद न आल्यास मान्य पॅनेलमधील पुढील परीक्षकांकडे प्रबंध पाठविण्याचा विचार व्हावा, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीबाबत अवगत करावे.'

एवढंच. खाली नोंदणी क्रमांक, विद्याशाखा, विषय, मार्गदर्शकांचं नाव, मोबाइल आणि ईमेल. सोबत पावतीची छायाप्रत जोडा, म्हणजे ती शोधायला मॅडमना कपाट उघडावं लागणार नाही. तुमची नोंदणी 2022 आधीची असेल आणि 'तुम्हाला जुने विनियम लागू' असं कुणी म्हटलं तरी बिघडत नाही. 2016 च्या विनियमांतही मुदत सहा महिन्यांचीच होती.

अर्जातल्या 'पुढील परीक्षकांकडे' या मागणीला फार महत्त्व आहे. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवणं विद्यापीठाला सोपं जातं. परीक्षक बदलायचा निर्णय मात्र कुणालातरी वर घ्यावा लागतो, आणि तो खालून सुचवायला लिपिक कचरतो. 'उमेदवाराने विनंती केली आहे' असं म्हणता आलं की टिपणी लिहिणाऱ्याची मान मोकळी राहते. 'सोबतच्या अर्जाचे अवलोकन व्हावे' या एका वाक्यात जबाबदारी त्यांच्यावरून तुमच्या अर्जावर जाते. मदत करू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला तुम्ही देऊ शकता अशी यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

अर्ज नोंद न करता मॅडमच्या हातात देऊन परत येऊ नका. इथेच चांगल्या संबंधांचा घात होतो. 'ठेवा इथे, मी बघते' असं त्या म्हणतात, तुम्ही भिडेखातर ठेवता, आणि त्या कागदाला जन्मतारीखच मिळत नाही. हसून म्हणा, 'मॅडम, आवकला नोंद करून आणते, म्हणजे तुम्हालाही क्रमांक टाकायला बरं.' आवक विभागात शिक्का, क्रमांक आणि दिनांक आपल्या प्रतीवर घ्या. मग एक प्रत त्यांना नेऊन दाखवा, म्हणजे टपाल खाली येईल तेव्हा त्या ओळखतील. लांबून येणं जमत नसेल तर तोच अर्ज स्कॅन करून विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला कार्यालयात काही किंमत नाही. तो त्या बाईंच्या खासगी फोनमध्ये राहतो आणि त्या रजेवर गेल्या की त्यांच्याबरोबर जातो.

मार्गदर्शकांना यात घ्या. संशोधक विद्यार्थी नेहमी एकटेच खेटे घालतात, याचं मला आजही नवल वाटतं. मार्गदर्शक हे प्रक्रियेतले अधिकृत घटक आहेत. त्यांनी उपकुलसचिवांना केलेला एक फोन, किंवा तुमच्या अर्जावर 'शिफारशीसह अग्रेषित' म्हणून केलेली सही, लिपिकाच्या पातळीवरच्या दहा विनंत्यांना भारी पडते. मार्गदर्शक कुठल्या अभ्यास मंडळावर किंवा विद्या परिषदेवर असतील तर आणखी बरं.

आता वर जाण्याबद्दल. अर्जानंतर तीन आठवड्यांत स्मरणपत्र गेल्याचं कळलं नाही तर कक्षाधिकाऱ्यांना भेटा, आणि भेटण्याआधी मॅडमना सांगा. 'मी साहेबांना भेटणार आहे. तुम्ही सगळी मदत केलीत हे मी त्यांनाही सांगेन. विषय कसा मांडू?' बहुतेक वेळा त्यांना बरंच वाटतं. आतून त्यांनी दोनदा सांगून जे झालेलं नसतं ते बाहेरच्या माणसाच्या भेटीनं होतं, हे त्यांनाही माहीत असतं. कित्येकदा त्याच सांगतील की साहेबांना नका भेटू, सहायक कुलसचिवांना भेटा, अडलंय ते तिथे. आत गेल्यावर टप्प्याबद्दल बोला, माणसाबद्दल बोलू नका. 'दुसऱ्या परीक्षकांचा अहवाल अमुक महिन्यापासून प्रलंबित आहे, अर्जाचा आवक क्रमांक हा' एवढं पुरे. आणि आणखी एक: 'मॅडम म्हणाल्या की फाइल तुमच्याकडे पडून आहे' हे वाक्य जन्मात उच्चारू नका. खरं असलं तरी. त्या दिवसापासून त्या तुम्हाला काही सांगणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

त्यांचं नाव संशोधकांच्या ग्रुपवर टाकू नका. 'त्या फार मदत करतात, त्यांनाच फोन करा' हे कौतुक म्हणून लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन खणखणत राहतो. मग त्या कुणाचाच उचलत नाहीत. मोकळ्या मनानं बोलणारे कर्मचारी अशाच प्रेमामुळे घुमे झालेले मी पाहिलेत.

आभाराचंही एक तंत्र आहे. काम झाल्यावर पेढे आणणं सगळ्यांना चालतं, विभागात सगळ्यांना द्या, शिपाईमामांनाही. काम व्हायच्या आधी काही नको, डायरी-पेनसुद्धा नको. खरा उपयोग लेखी आभाराचा होतो: कुलसचिवांच्या नावे चार ओळी, प्रत विभागप्रमुखांना. पण त्यात 'नियम बाजूला ठेवून', 'वेळेनंतर थांबून', 'माझी फाइल आधी घेऊन' असलं काही लिहू नका. तुम्हाला ती स्तुती वाटते, चौकशी अधिकाऱ्याला तो कबुलीजबाब वाटतो. 'माहिती वेळेवर व स्पष्ट दिली, अर्जावर तत्परतेने कार्यवाही केली' असं लिहा. आणि कुणी पैसे सुचवले तर तो विषयच वेगळा. तिथे संबंध सांभाळायचे नसतात, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक लावायचा असतो.

इथवर सगळं मॅडम खरोखर मदत करणाऱ्या आहेत असं धरून लिहिलं. पण गोड बोलून टोलवणारी माणसंही असतात, आणि ओळखायची खूण सोपी आहे. मदत करणारी व्यक्ती कधी ना कधी तारीख, क्रमांक किंवा अडचणीचं नेमकं ठिकाण सांगते. 'कुलगुरू बाहेरगावी होते, काल सही झाली' अशी बारीकशी का होईना, माहिती तिच्या बोलण्यात असते. टोलवणारी व्यक्ती तुमची चौकशी करते, चहा विचारते, 'काळजी करू नका' म्हणते, आणि तिच्या बोलण्यात एकही नेमकी गोष्ट नसते. वर दिलेले प्रश्न दोनदा विचारूनही तारीख मिळाली नाही तर तुमच्या मनातली भीड तिथेच सोडा आणि वर जा.

औपचारिक मार्गांचा क्रम आता सांगतो. पहिला विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार समितीनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या) अपील करता येतं, आणि लोकपालानं 30 दिवसांत निकाली काढायचं असतं. हा मार्ग मला तुमच्यासारख्यांसाठी सर्वात बरा वाटतो, कारण समिती विभागाला विचारते, व्यक्तीला नव्हे, आणि उत्तर वरच्या अधिकाऱ्याच्या सहीनं द्यावं लागतं.

माहितीचा अधिकार बहुतेकांना आधी आठवतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे 150 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. तो वापरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त आतलं चित्र ठाऊक असू द्या. जन माहिती अधिकारी कुणीही असो, उत्तराचा मसुदा शेवटी त्याच टेबलावर तयार होतो, म्हणजे तुमच्या मॅडमच लिहिणार. शिवाय अर्ज आला की फाइल जपून हाताळली जाते, आणि जपून म्हणजे हळू. म्हणून 'विलंबास जबाबदार कोण' असले प्रश्न टाकू नका. टप्प्यांच्या तारखा मागा, किंवा सरळ फाइल पाहण्याची मागणी करा, कायद्यात त्याची तरतूद आहे. परीक्षकांची ओळख पटेल तो भाग झाकून दाखवतील. परीक्षकांची नावं उघड करायची नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात मान्य केलेलं आहे, त्यावर भांडत बसू नका.

लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदा पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिकेची दुय्यम प्रत असल्या ठरीव कामांना उपयोगी पडतो, पण ती सेवा तुमच्या विद्यापीठानं अधिसूचित केलेली असेल तरच. प्रबंधाच्या मूल्यमापनाला त्याचा फारसा आधार मिळेल असं धरून चालू नका.

तुमच्या बाबतीत आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात एक फोन, वरचे प्रश्न, उत्तरं वहीत. लगेच अर्ज, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह, आवक क्रमांक घेऊन. तीन आठवड्यांनी कक्षाधिकारी. महिनाभरात हालचाल नसेल तर तक्रार निवारण समिती, आणि तेव्हाही मॅडमना आधी कल्पना द्या. कॉलेजला दाखवायला आत्ता 'प्रबंध सादर, मूल्यमापन सुरू' असं पत्र विभागाकडून मागून घ्या. ते द्यायला कुणाची वरची मान्यता फारशी लागत नाही, आणि मिळालं की प्राचार्यांचा तगादा काही काळ थांबेल.

मॅडमशी बोलताना आणखी एक काम आत्ताच करून घ्या, कारण ते त्यांच्या टेबलावरचं आहे. नोंदणीपत्र, प्रबंधाचं मुखपृष्ठ आणि तुमची पदव्युत्तर गुणपत्रिका, तिन्हींवर तुमचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, लग्नाआधीचं-नंतरचं किंवा आईच्या नावाचं काही वेगळं पडलंय का, आणि प्रबंधाचं शीर्षक मान्य झालेल्या शीर्षकाशी जुळतं का, हे त्यांना फाइल उघडून पाहायला सांगा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच द्या. अधिसूचना निघाल्यानंतर ती दुरुस्ती करायला नवी फाइल उघडावी लागते, आणि ती वेगळ्या टेबलावर जाते.